रंगांच्या यादीतली एक ओळ

गणपती गेले की आपण सगळ्याजणी कपाटापुढे उभं राहून एकच हिशेब करतो. पिवळी आहे, हिरव्या तर तीन आहेत, लाल लग्नातली आहे. पण राखाडीचं काय? पूर्वी राखाडी साडी कोणी हौसेनं घेत नसे. आता दुकानदार राखाडीचा वेगळा गठ्ठाच दर्शनी ठेवतो आणि आपण तो उपसतो.

गंमत म्हणजे हे नऊ रंग देवीच्या कुठल्या पोथीत नाहीत. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत ‘महाराष्ट्र टाइम्स’नं ही टूम काढली, वाचकांचे फोटो छापले आणि बघता बघता लोकल, बँका, शाळा, पोलिस ठाणी एका रंगात दिसू लागली. रंग ठरतात ते वारावरून. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी नारिंगी. उरलेल्या दोन दिवसांना मोरपिशी, गुलाबी, जांभळा यांतले दोन. आता मोबाइलवर मात्र ‘पहिली माळ, शैलपुत्री, देवीचा प्रिय रंग’ असं फिरतं. घटस्थापना 2023 मध्ये रविवारी होती म्हणून शैलपुत्रीचा प्रिय रंग नारिंगी. 2024 मध्ये गुरुवार आला, पिवळा झाला. 2025 मध्ये सोमवार, मग पांढरा. देवीची आवड दरवर्षी पंचांग बघून बदलते म्हणायची!

म्हणून ही प्रथा मोडीत काढावी असं मला अजिबात वाटत नाही. उलट तिला शास्त्र नाही, हेच मला तिच्यातलं सगळ्यात चांगलं वाटतं. ज्याला शास्त्र असतं त्याला ‘कोणी करायचं नाही’ याचीही यादी असते. संक्रांतीचं हळदीकुंकू घ्या, मंगळागौर घ्या, ओटी भरणं घ्या. बोलावणं कोणाला जातं आणि कोणाचं दार वगळून जातं, हे प्रत्येक चाळीला आणि सोसायटीला न सांगता ठाऊक असतं. नटण्याचा हक्क नवरा असण्याशी बांधलेला. आपल्या पणज्यांच्या पिढीत नवरा गेला की केस उतरवून अंगावर लाल आलवण यायचं. तेच लाल कुंकवात सौभाग्याचं आणि आलवणात दुर्दैवाचं!

रंगांच्या यादीनं हा प्रश्न विचारलाच नाही. मंगळवार आहे, लाल नेसा. बस्स. आमच्या ऑफिसात एकजण आहेत, चौतिसाव्या वर्षी नवरा गेला. त्यानंतर आठ वर्षं त्यांच्या बिल्डिंगमधल्या हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलावलं नाही. वाण मात्र धाकट्या मुलीच्या हाती पाठवतात, म्हणजे आपलं मनही राखलं जातं. त्याच बाई नवरात्रात नऊच्या नऊ दिवस गजरा माळून येतात आणि फोटोत मधोमध उभ्या राहतात. आमच्यातली एक मुस्लिम मुलगी त्या रंगाची ओढणी घेते, घटस्फोटित आहेत, लग्न न केलेल्या आहेत. श्रद्धेनं नेसणाऱ्या आणि निव्वळ हौसेनं नेसणाऱ्या शेजारी शेजारी उभ्या असतात आणि कोण कुठली ते फोटोत कळत नाही.

हे थोडंथोडकं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनीही हाच कित्ता गिरवावा असं सांगितलं. करोनात कितीतरी तरुण मुली विधवा झालेल्या गावागावांनी पाहिल्या होत्या. जी गोष्ट करायला ठराव आणि परिपत्रक लागलं, ती शहरात एका वर्तमानपत्राच्या चौकटीनं, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, निदान नऊ दिवसांपुरती केली होती.

आणि म्हणूनच गेल्या नवरात्रात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेली यादी वाचून मी चरकले. तेच वार, तेच रंग. फक्त वर एक ओळ होती: ‘सुवासिनींनी परिधान करावयाचे रंग’. टाकणारीच्या मनात काही वाईट नसणार, आली तशी पुढे ढकलली असेल. पण त्या ग्रुपवर पाच जणी अशा आहेत ज्यांच्यासाठी ती ओळ म्हणजे बंद दार. त्यातल्या एकीनं, तळमजल्यावरच्या काकूंनी, मंगळवारी लाल नेसली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “अगं, इस्त्रीला दिलीये.” मी पुढे काही बोलले नाही.

दुसरीकडे ऑफिसात रंग चुकला की दहा रुपये दंड. आपल्याला दहा रुपयांचं काय! पण तिथे सफाईला येणाऱ्या ताई नऊ रंग जमवायला बहिणीकडून, जावेकडून साड्या मागून आणतात. मोरपिशी मिळेना म्हणून त्यांनी एक दिवस खाडा केला. दिवसाची मजुरी गेली. हौसेला दंड लावला की ती हौस राहते कुठे?

पुढच्या वेळी यादी टाइप करणारीला माझी विनंती आहे. वार लिही, रंग लिही. वरची ती ओळ पुसून टाक आणि मगच पुढे पाठव. दंडाचा डबा आमच्या ऑफिसातून आम्ही काढायला लावला आहे. राखाडीचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. कोणाकडे जास्तीची असेल तर कळवा, ताईंनाही हवी आहे आणि मलाही.