घाईची पहिली चीर

वयात आलेल्या मुलीला पाळी येत नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात. अशा वेळी आत रक्त साठते आहे आणि त्याला वाट नाही, ही शंका पहिल्याच भेटीत यायला हवी. अनेकदा ती सर्वांत शेवटी येते. आधी जंतांचे औषध, मग लघवीच्या संसर्गाच्या गोळ्या, कधी अपेंडिक्सचे ऑपरेशनसुद्धा. तोवर रक्त उलटे पोटात उतरून एंडोमेट्रिओसिसची सुरुवात होऊ शकते.

उशीर वाईटच, पण त्याहून मोठा धोका त्यानंतरच्या घाईत आहे. योनीमुखावरचा पातळ पडदा बंद असेल, तर छोटी चीर पुरते. अडथळा वरचा, जाड, आडव्या पडद्याचा असेल आणि तशीच चीर दिली, तर भोक पुन्हा मिटते, मार्ग आकसतो, जंतू आत शिरून गर्भनलिकांपर्यंत पोचतात. नंतर कितीही कुशल हात लाभला, तरी त्याला व्रणातूनच वाट काढावी लागते. नुसती सुई टोचून रक्त काढणेही तितकेच घातक. एमआरआयवर पडद्याची जागा आणि जाडी कळेपर्यंत कुणीही सुरी उचलू नये. गोळ्यांनी पाळी थांबवता येते, लघवी तुंबली तर कॅथेटर घालता येतो. मुलीला जाणत्या शल्यविशारदाकडे पाठवण्याइतका वेळ त्यातून मिळतो.

काही मुलींना पाळी नियमित येते, कारण गर्भपिशव्या दोन असतात आणि तुंबलेली एकच. त्या बाजूची किडनी बहुधा जन्मतःच नसते. म्हणून एकच किडनी असलेल्या प्रत्येक मुलीची गर्भपिशवी वयात येताना तपासलीच पाहिजे.

सुमारे पाच हजारांत एक मुलगी गर्भपिशवीशिवाय आणि अपुऱ्या योनीमार्गासह जन्मते. तिच्या घरी घाई लग्नाची असते. डायलेटरच्या नियमित वापराने, चांगले मार्गदर्शन मिळाल्यास, दहांतल्या नऊ जणींचा मार्ग शस्त्रक्रियेविना तयार होतो. शस्त्रक्रिया केली, तरी बहुतेक पद्धतींत पुढे डायलेटर लागतोच. कधी आणि काय करायचे, हे त्या मुलीने ठरवायचे. सासरच्या तारखेने नव्हे. देशातले पहिले गर्भाशय प्रत्यारोपण २०१७ मध्ये पुण्यात झाले. त्याच राज्यातल्या तालुक्याच्या गावी साधे निदान वर्षभर रखडावे, हे आम्हाला असह्य वाटते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत लांबलेली पाळी आणि पाळीतले दुखणे, दोन्ही नोंदवायचे असतात. त्या नोंदीनंतर मुलीला कुठे पाठवायचे, हे मात्र तपासणाऱ्या पथकाला नावानिशी ठाऊक हवे. आरोग्य विभागाने प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला एक ठराविक वैद्यकीय महाविद्यालय जोडून द्यावे, आणि तो आदेश पुढच्या शाळा तपासणीआधी निघावा.