आतून कडी

माणसाच्या मूलभूत गरजा तीन, अन्न, वस्त्र आणि निवारा, असं बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आमचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक सांगत आणि मी ते निमूटपणे वहीत उतरवून घेत असे. आज बँकेच्या काउंटरमागे बावीस वर्षं आणि सासवडच्या एका पडवीत दोन रात्री काढल्यावर त्या यादीत एक दुरुस्ती सुचवण्याइतका अधिकार मला आला आहे, असं मी समजतो. चौथी गरज म्हणजे कडी. साधी, लोखंडी, दाराला आतून लागणारी कडी.

हसू नका. ज्यांच्या घरी ती आहे त्यांनाच हसू येतं.

त्याचं झालं असं, की "निदान दोन टप्पे तरी माउलींबरोबर चालायचंच," असं आमच्या हिनं एक दिवस जाहीर केलं. आमची आई अकरा वर्षं दिंडीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेली. ती झाली वारी. आमची ठरली ती नोकरदार वारी, म्हणजे तीन सी. एल. आणि एक रविवार. बेत असा, की पुण्याहून पालखीबरोबर निघायचं, हडपसर, वडकी करत दिवे घाट चढायचा आणि तीसेक किलोमीटर तुडवून सासवड गाठायचं. तिथं पालखी दोन रात्री असते. मग सोळा-सतरा किलोमीटरवर जेजुरी, आणि जेजुरीहून एस. टी.नं परत. पुण्य थोडं, पण रोखीचं.

चालायची काळजी नव्हती. काळजी होती ती न चालण्याची. दिवसाचे तास चोवीस, त्यातले चालायचे दहा-बारा. उरलेल्या वेळात हा देह ठेवायचा कुठं?

माझी मागणी तशी माफक होती. दोन माणसं मावतील एवढी खोली, एक बादली, एक संडास आणि आतून कडी. ए. सी. नको, टी. व्ही. नको, पलंगावर टॉवेलांचे राजहंस नकोत. सासवडच्या एका लॉजवर फोन लावला.

"खोली आहे का?"

"आहे ना."

"भाडं किती?"

"तारीख कोणती?"

भाडं विचारल्यावर जो माणूस तारीख विचारतो, त्याचं पुढचं वाक्य खुर्चीत बसून ऐकावं. मी उभ्यानंच तारीख सांगितली.

"साडेचार हजार."

"महिन्याचे?"

"रात्रीचे, साहेब. पालखी असते त्या दिवशी."

"आणि एरवी?"

"एरवी आठशे. एरवी या ना!"

दुसऱ्या लॉजवाल्याकडे फक्त तीन पलंगांची खोली होती आणि तिसऱ्या पलंगावर कोणी झोपणार नसलं तरी त्याचे पैसे मी द्यावेत, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. तिसऱ्याचा अख्खा मजला फोटो काढायला येणाऱ्या मंडळींनी दोन महिने आधीच अडवून ठेवला होता. शिवाय वर जीएसटी. १८ जुलै २०२२ पूर्वी हजार रुपयांच्या आतल्या खोलीला हा कर नव्हता. त्या दिवसापासून १२ टक्के लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. म्हणजे आठशे रुपयांच्या खोलीत पाठ टेकणं हेही करपात्र सुख आहे, एवढं तरी सरकारनं मान्य केलं.

ही व्यथा मी बँकेत, दुपारच्या डब्याला, बोलून दाखवली. आमचे एक सहकारी पोळीचा घास हातात धरून म्हणाले, "अहो, वारीला निघालात की महाबळेश्वरला? वारीत देहभान विसरायचं असतं!"

हे गृहस्थ दर वर्षी वारी करतात. म्हणजे पहाटे मोटारीनं घाटाच्या अलीकडे जातात, डोक्याला टोपी, कपाळाला गंध, मागे पताका असा एक फोटो काढून घेतात, अर्धा किलोमीटर ‘ज्ञानोबा-तुकाराम’ करत चालतात आणि दुपारी घरी येऊन स्वतःच्या न्हाणीघराला आतून कडी लावून गरम पाण्यानं आंघोळ करतात. देहभान विसरायला माझी काहीच हरकत नाही. पण देह आपल्याला विसरत नाही, त्याला काय करणार? विशेषतः पहाटे चार वाजता तो फार आठवणीनं येतो.

दुसरे सहकारी अधिक व्यासंगी. त्यांनी विचारलं, "संत काय लॉजमध्ये उतरत होते?"

संतांचं मला माहीत नाही. पण गाडगेबाबा (१८७६–१९५६) हातात खराटा घेऊन गावं झाडत हिंडले, त्यांनी कीर्तनं केली, आणि लोकांनी विश्वासानं दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथं उभं काय केलं? धर्मशाळा. देवाची सोय पाहायला पुष्कळ लोक आहेत, देवाकडे येणाऱ्याची सोय कोण पाहणार, हे त्या एका माणसाला पक्कं कळलं होतं. तेव्हा उतरायच्या जागेची चौकशी करणं म्हणजे भक्तीत खोट, हा हिशेब कोणी मला शिकवू नये. माझे हिशेब संध्याकाळी टॅली होतात.

असो. साडेचार हजार काही आम्ही दिले नाहीत. "माउली ठेवील तसं राहू," असं म्हणून निघालो, आणि सांगायला आनंद वाटतो, की माउलीनं खरंच ठेवलं. घाट चढून, पायांचे फोड मोजत सासवडात शिरलो, तर एका जुन्या घराच्या ओट्यावरून एका आजींनीच हाक मारली, "या माउली, टेका इथं!" ओळख नाही, पाळख नाही. पडवीत आमच्याआधी चाळीसएक माणसं टेकलेली. आजींच्या सुनांनी पिठलं-भाकरी वाढली, पाय शेकायला गरम पाणी दिलं. अशी शेकड्यांनी घरं या वाटेवर आहेत, आणि हा देश बुडायचा राहिलाय तो माझ्या मते बँकांमुळे नव्हे, या घरांमुळे.

पण चाळीस माणसं आणि घरचे नऊ मिळून संडास एक. पहाटे तीनला रांग लागली ती थेट तुळशीवृंदावनाला वळसा घालून. आंघोळीला परसात एक दगड. आजींनी घरातलं एक नऊवारी लुगडं आणलं, एक टोक खुंटीला अडकवलं, दुसरं स्वतः हातात धरलं आणि बायकांना एकेक करून आत सोडलं. सत्तरीच्या पुढची बाई, दीड तास हात वर करून उभी. आमच्या हिचा नंबर आला तेव्हा वारा सुटला आणि लुगड्यानं वाऱ्याची बाजू घेतली. ही ओल्या केसांनी बाहेर आली ती एक शब्दही न बोलता.

रात्री पडवीत, बाकीची मंडळी घोरायला लागल्यावर, ती हळूच म्हणाली, "तुम्हाला माहितेय? आई दिंडीत दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत."

"का?"

"का म्हणजे काय? जायचं कुठं? पहाटे दोनला अंधारात उठायचं, ते रात्री पुन्हा अंधार पडेपर्यंत. मला सांगितलं होतं त्यांनी. तुम्हाला कसं सांगतील?"

अकरा वर्षं माझी आई त्या उन्हातून तहानलेली चालली. आणि तिचा कर्तबगार, पदवीधर मुलगा दर वर्षी निघताना तिला काय विचारत होता? "आई, मोबाईल चार्ज केलास ना?"

तेव्हापासून मी देहभानवाल्यांशी भांडायचं ठरवलं आहे.

आता माझा मुद्दा मांडतो. गर्दीला भाव चढतो हे मी शिकलेलो आहे, त्यावर मला पहिल्या वर्षाला बासष्ट मार्क होते. लॉजवाल्यावर माझा राग नाही. वर्षाकाठी दोन रात्री त्याची दिवाळी असते. राग आहे तो याचा, की या वाटेवर एक तर फुकट मिळतं, नाही तर साडेचार हजारांना. मधलं काही नाही. मध्यमवर्गाला मधलंच लागतं हो! आणि मधलं नाही ते जागा नाही म्हणून नव्हे. सासवडला मी दोन दिवस गल्ल्या हिंडलो. घराघरात माजघराच्या बाजूला एखादी खोली आहे, मुलगा पुण्याला नोकरीला गेला म्हणून बंद असलेली. ती भाड्यानं देत नाहीत, कारण वारकऱ्याकडून पैसे घ्यायचे कसे? आजींना मी निघताना पाचशेची नोट पुढे केली, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "माउली, पैसे कसले?" म्हणाल्या.

इथंच सगळी अडचण आहे. फुकट मिळालेल्या जागेत माणसाला कृतज्ञ राहता येतं, पण कडी मागता येत नाही. दोनशे रुपये जरी दिलेले असले तरी, "अहो, दाराला कडी नाही," असं ताठ मानेनं म्हणता येतं. पाहुण्याला अधिकार नसतो, भाडेकऱ्याला असतो. आणि बायकांच्या बाबतीत तर हा अधिकार फार मोलाचा.

बरं, असं आपल्याकडे कुठं होत नाही का? कोकणात जा. दिवेआगर, गुहागर, मुरूड, हरिहरेश्वर. माडाला, फाटकाला, विहिरीच्या कठड्याला पाटी, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’. आत गेलं, की खोली, बादली, संडास, कडी आणि वर उकडीचे मोदक. भाड्याचा आकडा सांगताना तिथल्या काकू जराही लाजत नाहीत, आणि निघताना कोकमाची बाटली हातात ठेवायला विसरत नाहीत. पैसे घेतले म्हणून त्यांची माया आटली, असं मला तरी आढळलेलं नाही. मग जी पाटी समुद्राकडे तोंड करून चालते ती पालखीकडे तोंड करून का चालू नये? पालिकेनं नाव नोंदवून घ्यावं, दर ठरवून भिंतीवर रंगवून घ्यावा, संडास-पाणी बघून घ्यावं. पाचशे म्हणा, सहाशे म्हणा. आलेल्याची जात विचारायची नाही आणि एकटी बाई आली तर तिला परत पाठवायचं नाही, एवढ्या दोन अटी. समिती मात्र नेमू नका. समितीला उतरायला पुन्हा खोल्या लागतील.

"माउलींच्या वाटेवर बाजार मांडता?" असं आता कोणी तरी म्हणेल. बाजार मांडलेलाच आहे, मी फक्त त्यात एक स्वस्त दुकान मागतो आहे. पडवी तशीच राहू दे, पिठलं-भाकरी तशीच फुकट राहू दे, ज्याला चाळीस जणांत झोपून आनंद होतो त्याचा आनंद मी हिरावून घेत नाही. आणि दिंडीत जी शेतमजुरीवरची माणसं चालतात, भिशीचे पैसे भरताना ज्यांची वर्षभर ओढाताण होते, त्यांना माझी पाचशेची खोली म्हणजे साडेचार हजारांसारखीच. त्यांच्यासाठी आडोसा फुकटच हवा. आता मुक्कामांवर फिरती शौचालयं उभी राहतात. ज्यांनी ती आणली त्यांना मी घाटापासूनच दंडवत घालतो. आईच्या वेळी एवढं असतं तर ती निदान पाणी तरी प्यायली असती.

जेजुरीला मात्र आम्हाला खोली मिळाली. लग्नानंतर जागरण-गोंधळाला ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्यांच्याकडेच. कुळधर्माला येणाऱ्यांना ठेवून घ्यायची त्या घराची सवय जुनी, त्यामुळे "सहाशे रुपये," असं त्यांनी लाजबिज न बाळगता सांगितलं आणि मी ते तितक्याच आनंदानं दिले. दहा बाय दहाची खोली, एक बल्ब, एक बादली, मागे संडास. हिनं आत गेल्याबरोबर दार लोटलं, कडी लावून पाहिली, काढली, पुन्हा लावून पाहिली. मग मला म्हणाली, "अहो, जरा चहा घेऊन या ना."

मी चहा घेऊन आलो. दार आतून बंद. कडी वाजवली, हाका मारल्या. आतून फक्त घोरण्याचा आवाज, तोही इतक्या वर्षांच्या संसारात कधी न ऐकलेला. तीन रात्रींची झोप ती वसूल करत होती.

पायरीवर बसून मी दोन्ही चहा प्यायलो आणि तासभर कडीची परीक्षा घेतली. उत्तम कडी होती.