कळीच्या चुन्यात विस्तव नसतो

मंडळी, नववी-दहावीच्या मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास सापडतं: "बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते." मला या वाक्याचा मनापासून राग आहे, कारण ते चक्क उलटं आहे.

बंध तोडायला ऊर्जा खर्च करावी लागते. नवा जुळला की ती मिळते. हिशेबच बघा ना. दोन मोल हायड्रोजन आणि एक मोल ऑक्सिजन यांचे बंध तोडायला साधारण १३७० किलोज्यूल लागतात. त्यांची वाफ होताना नव्या बंधांतून १८५० परत येतात. वरचे ४८० म्हणजे ज्योत! पण सुरुवातीचा खर्च कोणीतरी करायलाच हवा. शेगडीला लायटर लागतो तो उगाच नाही.

गंमत म्हणजे आपली भाषाही यात सामील आहे. कळीच्या चुन्यात पाणी घालण्याला आपण चुना 'विझवणं' म्हणतो. जणू भट्टीतला विस्तव त्या खड्यात दडून बसलाय आणि आपण तो शांत करतोय. (शब्द सुंदर आहे, तो बदला असं मी मुळीच म्हणणार नाही.) प्रत्यक्षात चुना आणि पाणी मिळून नवा पदार्थ तयार होतो आणि त्या जुळण्यातून उष्णता निघते. तीही थोडीथोडकी नाही. किलोभर चांगल्या चुन्यातून सुमारे ११५० किलोज्यूल, म्हणजे तीन लिटर गार पाणी उकळीला यावं इतकी.

याच्या उलट, लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाकून भांड्याला हात लावून बघा. गार लागतं. इथे जमेपेक्षा खर्च जास्त, आणि तूट त्या पाण्याच्याच उष्णतेतून भरून निघते. उष्माग्राहीची व्याख्या दहा वेळा लिहिण्यापेक्षा वर्गात हे एकदा का करून दाखवत नाहीत, कोण जाणे.

असो. पण हा नुसता मार्कांचा प्रश्न नाही. पाण्याने चुना 'विझतो' असं डोक्यात असलं, की माणूस चुन्याच्या ढिगावर बिनधास्त तांब्याभर पाणी ओततो. थोडंसं पाणी क्षणात उकळतं आणि चुन्यासकट डोळ्यांत उडतं.

तेव्हा नानाकाका, गावच्या घराला यंदा चुना लावणार म्हणालात ना? पिंपात आधी भरपूर पाणी घ्या आणि चुना त्यात थोडा थोडा सोडा. आणि चष्मा लावा. वाचायचा नव्हे हो, बाजूनेही बंद असतो तो.