हिमनद्यांच्या परिषदा आणि खर्चाचा हिशेब

रत्नागिरीच्या मांडवीवर उभे राहून हिमनद्यांची चिंता वाहणे प्रथमदर्शनी विनोदाचे वाटेल. कोकणातील नद्या पावसावर जगतात. सह्याद्रीच्या माथ्यावर बर्फ नाही. परंतु हिमालयात, ग्रीनलंडमध्ये वा दक्षिण ध्रुवाकडील भूमीवर जो बर्फ वितळतो, त्याचे पाणी अखेर समुद्रालाच मिळते आणि समुद्र आपल्या दाराशी आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली. मिऱ्याच्या किनाऱ्याची धूप केवळ यामुळेच होते असे कोणी म्हणणार नाही. पण तेथील बंधारा किती उंच असावा, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी हिमनद्यांवर खुणेच्या काठ्या रोवून बर्फाची घट मोजणाऱ्या संशोधकांच्या वह्यांत आहे. हे संशोधक कोठे, केव्हा व कोणाच्या पैशाने एकत्र येतात, हा प्रश्न म्हणूनच केवळ दिल्लीचा राहत नाही.

तो आज उपस्थित करण्यास कारणही आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या संरक्षणासाठी जाहीर केले, २१ मार्च हा हिमनदी दिन ठरविला, आणि २०२५ ते २०३४ हे दशक हिमविषयक विज्ञानांसाठी राखून ठेवले. मे २०२५ मध्ये ताजिकिस्तानातील दुशान्बे येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दशक म्हटले की परिषदा ओघानेच आल्या. त्यांपैकी काही भारतात व्हाव्यात, ही अपेक्षा गैर नाही. शेजारच्या गोव्यात वास्को येथे ध्रुवीय व सागरी संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्याचे ‘हिमांश’ हे संशोधन ठाणे लाहौल-स्पितीत ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर २०१६ मध्ये सुरू झाले. अंटार्क्टिकाच्या भूविज्ञानावरील आंतरराष्ट्रीय परिसंवाद जुलै २०१५ मध्ये गोव्यातच पार पडला. यजमानपद आपल्याला नवे नाही. प्रश्न आहे तो त्यासाठीचा पैसा कशावर खर्च करावयाचा, हा.

परिषदा म्हणजे सरकारी खर्चाने पर्यटन, अशी एक टीका नेहमी होते. ती सर्वस्वी निराधार नाही. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेत २००९ मध्ये सुरू झालेले हिमनदीशास्त्राचे केंद्र २०२० मध्ये बंद करण्यात आले. पुढच्याच फेब्रुवारीत चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेच्या खोऱ्यात दोनशेहून अधिक माणसे दगावली वा बेपत्ता झाली. केंद्र असते तर हे टळले असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल; तेथे खडक आणि बर्फाचा प्रचंड कडाच कोसळला होता. परंतु जेथे मोजमापाचे काम खंडित होते, तेथे परिषदेत वाचावयाचे निबंध कोठून येणार? मोजमाप आधी, मांडव नंतर, हा क्रम कोणत्याही अर्थसंकल्पाने विसरता कामा नये.

तथापि, परिषदाच नकोत हा निष्कर्ष यातून काढणे चुकीचे ठरेल. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २००७ च्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याचा मोठा संभव आहे, असे विधान आले. त्याला तपासून घेतलेल्या शास्त्रीय निबंधाचा आधार नव्हता. जानेवारी २०१० मध्ये मंडळाला चूक मान्य करावी लागली. अहवाल लिहिणारे आणि प्रत्यक्ष बर्फावर काम करणारे यांच्यात वेळीच सडेतोड चर्चा झाली असती, तर हे विधान टिकले नसते. उलट, लाहौलमधील छोटा शिग्री हिमनदीचे २००२ पासूनचे मोजमाप भारतीय व फ्रेंच शास्त्रज्ञांच्या सहकार्याने उभे राहिले, आणि आज ते हिमालयातील अत्यंत मोलाच्या नोंदींत गणले जाते. माणसे भेटतात तेव्हा अशी कामे सुरू होतात.

म्हणून परिषदेचे नियोजन हीच खरी कसोटी आहे. आपल्याकडे अनुदान उशिरा मंजूर होते आणि ३१ मार्चपूर्वी ते खर्ची पडावे म्हणून घाईघाईने व्यासपीठे सजतात. कोणत्याही कचेरीतील लेखनिकाला हा अनुभव सांगावयास नको. आंतरराष्ट्रीय परिषदेला किमान दोन वर्षांची पूर्वतयारी लागते. तिचा महिनाही विचारपूर्वक ठरवावा लागतो. उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत हिमालयातील संशोधक बर्फावर असतात. त्या काळात सभा भरविली तर काम करणारेच गैरहजर राहतील.

दुसरी गोष्ट परवानग्यांची. आपल्या बहुतेक हिमनद्या सीमेलगतच्या प्रदेशांत आहेत. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने सीमाभागासारख्या विषयांवरील आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांना पूर्वपरवानगीची अट घातली. विज्ञान अकादमींनी विरोध केल्यावर पुढच्या महिन्यात ती मागे घेण्यात आली. सुरक्षिततेची काळजी सरकारने अवश्य घ्यावी. पण पाहुण्याला होकार वा नकार त्याने तिकीट काढण्यापूर्वी कळावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. नेपाळ व भूतानमधील संशोधक आपल्याच नद्यांच्या उगमाकडे राहतात. ते आले नाहीत तर सभा आंतरराष्ट्रीय कशाची?

तिसरी गोष्ट पैशाच्या वाटपाची. शाली, स्मृतिचिन्हे आणि मेजवान्या यांच्याआधी तरुण संशोधकांचे व महाविद्यालयीन प्राध्यापकांचे प्रवासभत्ते बाजूला काढावेत. त्यांत किनाऱ्यावरील संस्थांनाही वाटा असावा. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील विद्यार्थी उद्या ज्या खाड्यांचा अभ्यास करणार आहे, त्यांचे भवितव्य त्या बर्फाशी बांधलेले आहे. आणि अनुदानाचा अखेरचा हप्ता, परिषदेत मांडलेली आकडेवारी सर्वांना खुली झाल्यावरच द्यावा.

ही शेवटची अट सर्वांत कठीण आहे, कारण हिमालयातील नद्यांच्या प्रवाहाची आकडेवारी गोपनीय ठेवण्याची आपल्याला जुनी सवय आहे. परंतु तीच परिषदेचा खरा हिशेब देईल. उद्घाटनाला कोण आले याची बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. हिमनदी किती आटली याचा आकडा मात्र, मांडवीच्या वाळूत खेळणाऱ्या आजच्या मुलांना त्यांच्या म्हातारपणीही उपयोगी पडेल.