दाढेची कळ दाबली, रोग तसाच राहिला

दाढदुखीला आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही. ताप आला, जुलाब लागले तर माणूस दवाखाना गाठतो. दाढ ठणकली तर लवंग धरतो, तंबाखूचा बार भरतो, मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणतो आणि शेताची वाट धरतो. त्यात पेरणी किंवा काढणी असली की विचारायलाच नको. ऊसतोडीला गेलेल्यांची गत तर आणखी वाईट. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात. मग दाढेसाठी तालुक्याला कोण जाणार? "हंगाम उरकू द्या, मग बघू," असे म्हणत चार महिने निघून जातात.

यात दोष एकट्या रुग्णाचा नाही. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो. तो असतो ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, तेही पद भरलेले असेल तर. खासगी दवाखाना तालुक्याला. म्हणजे एसटीचे भाडे, दिवसाची मजुरी आणि वर डॉक्टरची फी. म्हणून कळ उठल्यापासून दंतवैद्याच्या खुर्चीत बसेपर्यंत आठवडे, कधी महिने जातात. या मधल्या काळात काय करावे आणि काय मुळीच करू नये, याचा हा विचार.

आधी दाढेच्या आत काय चालते ते समजून घ्या. कीड वरच्या कठीण थरात असते तोवर दुखत नाही. ती आत गेली की गार-गरम, गोड लागल्यावर सणक येते. त्याहून खोल, नसेपर्यंत पोचली की रात्रभर ठणका लागतो. आणि मग एक दिवस दुखणे आपोआप थांबते! माणूस म्हणतो, बरे झाले. प्रत्यक्षात नस मेलेली असते आणि पू मुळाखाली साठू लागतो. सणक येते तेव्हाच गेलात तर साध्या भरणीत काम भागते. ठणका लागल्यावर रूट कॅनाल, नाहीतर दाढ काढणे, एवढेच मार्ग उरतात. उशिराचा हिशेब शेवटी खिशालाच लागतो.

तोवर काय करावे?

कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी. दाढेत अन्न अडकले असेल तर दोऱ्याने हळूच काढावे; सुई, पिन, तार घालू नये. गालावर बाहेरून गार पाण्याची पट्टी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. सूज असेल तर शेक देऊ नका. रात्री उशी उंच घ्या, आडवे झाल्यावर ठणका वाढतो. लवंगतेल चालते, पण कापसावर एक-दोन थेंब आणि थोडाच वेळ. बाटली उपडी केली तर हिरडी भाजते. लहान मुलांना ते लावूच नये.

गोळी घ्यायचीच तर पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी. मोठ्या माणसाने ५०० किंवा ६५० मिलीग्रॅमची एक गोळी घ्यावी. दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर ठेवावे, दिवसात चारपेक्षा जास्त नकोत. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांतही हेच औषध असते, म्हणून दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या एकदम घेताना विचारून घ्या. रोज दारू घेणाऱ्याने किंवा कावीळ, यकृताचा त्रास असलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलांना मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालील मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी दाढेची कळ लवकर थांबते हे खरे. पण त्या उपाशीपोटी घेतल्या तर जठराला जखम करतात, आणि पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर घाव घालतात. आता बघा, दिवसभर उन्हात फडात राबायचे, घाम गाळायचा, पाणी बेताचे प्यायचे आणि सकाळ-संध्याकाळ ही गोळी घ्यायची. दाढ वाचत नाहीच, वर मूत्रपिंड धोक्यात येते. रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, पोटातला अल्सर, दमा यांपैकी काही असेल किंवा बाई गरोदर असेल, तर या गोळ्यांना डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय हात लावू नये.

आणि अँटिबायोटिकचे खूळ सोडा. मेडिकलमधून चार कॅप्सूल आणायच्या, दोन घ्यायच्या, बरे वाटले की उरलेल्या शेजाऱ्याला द्यायच्या, हे सर्रास चालते. नसेपर्यंत पोचलेली कीड कॅप्सूलने जात नाही. सूज पसरली, ताप आला तर तिची गरज पडते, पण ते डॉक्टरने ठरवायचे. अर्धवट घेतलेल्या औषधाने जंतू मात्र निगरगट्ट होतात.

दाढेवर तंबाखू, मिश्री, चुना, रॉकेल लावू नका. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नका, कातडे जळते. मिश्रीने दुखणे थांबल्यासारखे वाटते, पण तिचीच सवय लागते आणि पुढे तीच जिवावर उठते.

दुखणे दाढेचेच कशावरून?

जबड्याचे प्रत्येक दुखणे दाढेचे नसते. कानाजवळच्या सांध्यात दुखते, तोंड उघडताना कट्ट आवाज येतो, सकाळी जबडा धरतो, तर तो सांध्याचा त्रास. तिथे मात्र कोमट शेक, मऊ खाणे आणि सुपारी-चणे बंद, याने आराम पडतो. सर्दीनंतर गालात जडपणा आणि वाकल्यावर कळ, तर सायनसची शक्यता जास्त. तोंड धुताना, घास चावताना वीज चमकावी तशी काही सेकंदांची जीवघेणी सणक एका बाजूला येत असेल, तर ते चेहऱ्याच्या नसेचे दुखणे असू शकते. त्यावर वेगळे औषध असते. अशा रुग्णांच्या चांगल्या दाढा नाहक उपटल्या जातात, म्हणून आधी निदान करून घ्या.

तोंड दिवसेंदिवस कमी उघडते आणि तिखट झोंबते, ही सुपारी-गुटख्याची खूण. आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील तर तपासणी करा. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक असते. आणि नुसती सुपारीही निर्धोक नाही, तिच्यानेही कर्करोग होतो. तोंडातला पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर दुखत नसली तरी दाखवा. कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, हाच त्याचा कावा.

मधुमेहींनी २०२१ साल आठवावे. कोरोनातून उठलेल्या कितीतरी लोकांना म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी झाली. सुरुवात अनेकदा गाल दुखणे, वरचे दात हलणे, चेहऱ्याची एक बाजू बधिर होणे अशीच होती. दाढ आहे म्हणून जे थांबले त्यांतल्या काहींचा जबडा, काहींचा डोळा गेला. साखर वाढलेल्या माणसाने अशी लक्षणे दिसताच त्याच दिवशी निघावे.

थांबायचे नाही ते असे

सूज जबड्याखाली, मानेत किंवा डोळ्याकडे पसरते आहे, ताप आहे, थुंकी गिळता येत नाही, श्वास अडतो आहे, तर पू गळ्याकडे उतरतो आहे. यात काही तासांत जीव जाऊ शकतो. कोयत्याची, खिळ्याची जखम झाल्यावर काही दिवसांनी जबडा आवळू लागला तर धनुर्वाताची शंका घ्या. चालताना, ओझे उचलताना खालचा जबडा दुखतो, छातीवर दाब, दरदरून घाम, दम लागणे असेल तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. एकाएकी तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले तर तो पक्षाघात असू शकतो. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. अशा वेळी दंतवैद्य शोधत बसू नये, मोठे रुग्णालय गाठावे.

गावाने काय करावे?

सरकारी कागदावर सोयी बऱ्याच आहेत. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून नाव बदललेल्या उपकेंद्रांत तिशीपुढच्या माणसांच्या तोंडाची तपासणी अपेक्षित आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले. तोंडाच्या कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. दाताच्या अवघड कामांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. प्रश्न आहे तो ही माहिती वेळेवर पोचण्याचा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी यासाठी फार खर्च करायची गरज नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य आहे का, कोणत्या वारी आणि किती वाजता बसतो, हे विचारून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. आशाताईंनी उपकेंद्रातल्या तपासणीच्या दिवशी तंबाखू-मिश्री वापरणाऱ्यांना आवर्जून बोलवावे. टोळ्या गाव सोडण्याआधी एक दिवस मजुरांची आणि त्यांच्या मुलांची दाततपासणी ठेवता येते. जी दाढ दिवाळीआधी भरून होते ती फडात ठणकत नाही. कारखान्यांनीही आरोग्य शिबिरात दंतवैद्य बोलवावा, आणि दाढेसाठी गेलेल्या मजुराचा खाडा धरू नये असे मुकादमांना बजावावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, येत्या ग्रामसभेत हा प्रश्न तुम्हीच विचारा. तालुक्यातले दंतवैद्याचे पद रिकामे असेल तर तसा ठराव करून जिल्हा शल्य चिकित्सकांकडे पाठवा आणि पोच घ्या. आणि तुमची स्वतःची दाढ आज सणकत असेल तर पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर आधी दवाखान्यात नाव लावा, बाजार मग करा.