घरी परतल्यानंतरचा पहिला महिना

मद्यपानामुळे यकृत निकामी होत चाललेला रुग्ण रुग्णालयातून घरी आला की कुटुंबाला हायसे वाटते. पोटातील पाणी काढलेले असते, रुग्ण चार घास जेवू लागलेला असतो. परंतु सर्वाधिक सावधगिरीचा काळ येथूनच सुरू होतो. सिऱ्होसिस बळावून दाखल झालेल्या रुग्णांपैकी साधारण चारांतील एक जण महिनाभरातच पुन्हा दाखल होतो, असे पाहण्यांतून दिसून आले आहे. प्रत्येक वेळी हे टाळता येत नाही. मात्र धोक्याच्या काही खुणा घरातच वेळेवर ओळखता येतात.

सर्वाधिक गैरसमज होतो तो रुग्णाच्या भ्रमाविषयी. आतड्यांत तयार होणारा अमोनिया दुर्बळ यकृताकडून पुरेसा निकामी केला जात नाही आणि त्याचा परिणाम मेंदूवर होतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो. जीभ अडखळते, तोल जातो, आज कोणता वार हेही त्याला सांगता येत नाही. ज्या घराने वर्षानुवर्षे त्याची नशा सोसली, त्याला ‘पुन्हा पिऊन आला’ असेच वाटते. कोणी रागावते, कोणी ‘सकाळी उतरेल’ म्हणून दार लोटून घेते. तोवर रुग्ण बेशुद्धीकडे गेलेला असू शकतो. म्हणून मद्याचा संशय असला, तरी अशा वेळी आधी रुग्णालय गाठावे. जाब नंतर विचारता येईल.

यासाठी एक वही ठेवावी. रोज सकाळी रुग्णाला तीत तारीख लिहून सही करण्यास सांगावे. अक्षर बिघडू लागले, तारीख चुकू लागली, तर तो इशारा समजावा. त्याच वहीत वजन आणि शौचाची संख्या लिहावी. आठवड्यात दोन किलो वजन वाढले, तर पोटात पाणी साठत असण्याची शक्यता असते. लॅक्ट्युलोजचे औषध दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावे यासाठी असते. पोट साफ झाले म्हणून ते आपल्या मनाने थांबवू नये. जुलाब होऊ लागले, तर मात्र मात्रेविषयी डॉक्टरांना त्वरित विचारावे.

स्वयंपाकघरात मीठ जपून वापरावे. पापड, लोणचे, फरसाण दूर ठेवावे. बाजारातील ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते, तेही विचारल्याविना देऊ नये. डाळ, दूध, अंडी बंद करण्याची जुनी समजूत आता मागे पडली आहे. प्रथिनांविना स्नायू झिजतात. उपवास टाळावेत आणि झोपण्यापूर्वी थोडे खाण्यास द्यावे. अंगदुखीसाठी घरात असलेली डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन, तसेच झोपेची गोळी रुग्णाला परस्पर देऊ नये.

ताप, पोटदुखी, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, लघवी कमी होणे किंवा भ्रम, यांपैकी काहीही दिसले, तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये.

मद्य पूर्णपणे थांबल्याविना हे सारे प्रयत्न अपुरे पडतात. व्यसन हाही आजारच आहे. शपथा घालून तो बरा होत नाही. यकृताच्या उपचारांबरोबरच व्यसनमुक्तीचे उपचार सुरू व्हावेत, असा आग्रह डॉक्टरांकडे धरावा. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर निःशुल्क मार्गदर्शन मिळते. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेले ‘मुक्तांगण’ कुटुंबीयांनाही या उपचारांत सहभागी करून घेते.

वाचकहो, मुलाच्या अशा आजारात पहारा देण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर सत्तरीत येते. लोक काय म्हणतील या संकोचाने हा भार एकट्याने वाहू नका. वही एका दिवशी आपण लिहा, दुसऱ्या दिवशी घरातील दुसऱ्या कुणाला लिहू द्या. रात्री गाडी कोण आणील आणि रुग्णालयात सोबत कोण येईल, हे मात्र आजच ठरवून ठेवा.