हायमास्टच्या उजेडात आकाशगंगेचा शोध

२०२५ च्या सुरुवातीला लडाखमधील हानले वेधशाळेचे अभियंता दोर्जे आंगचुक यांचा एक टाइम-लॅप्स व्हिडिओ देशभर फिरला. त्यात तारे जागच्या जागी आहेत आणि खालची जमीन फिरते आहे. तो पाहून साहजिकच प्रश्न पडतो, हे लातूर-नांदेडहून जमेल का? जमेल, पण शहरातल्या गच्चीवरून नाही.

टाइम-लॅप्सचे गणित सोपे आहे. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून १५ सेकंदांचा एक असे ६०० फोटो घ्यायचे. त्याला अडीच तास लागतात. तेवढ्यात आकाश सुमारे ३७ अंश सरकते. सेकंदाला २५ फोटो या वेगाने ते चालवले की २४ सेकंदांचा व्हिडिओ तयार होतो.

खरे कसब आहे जागा निवडण्यात. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनु राशीत, म्हणजे दक्षिणेला असतो. आपल्याकडून तो क्षितिजापासून ४२ अंशांच्या आसपास चढतो. हानलेहून तो याच्या साधारण दोन-तृतीयांश उंचीवरच दिसतो, हा आपला फायदाच. म्हणून शहराचा उजेड पाठीशी राहील अशी जागा हवी. लातूरकरांनी निलंग्याकडे, नांदेडकरांनी मुखेड-देगलूरकडे जावे. ध्रुवताऱ्याभोवतीची वर्तुळे टिपायची असतील तर उलट करावे. तो इथे जेमतेम १८-१९ अंशांवर असतो आणि उत्तरेला शहर असेल तर त्या झगमगाटात बुडतो.

काळोख मात्र दरवर्षी आणखी दूर जातो आहे. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा उजेड फिल्टर लावून बराचसा गाळता येई. पांढऱ्या एलईडीत सगळेच रंग असतात, त्यात निळा भरपूर. आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. दिवसा आभाळ निळे दिसते तेही यामुळेच. संगणकावर फोटोतली झाक पुसता येते, पण त्या उजेडाने आलेला नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, उरतोच. मंद तारे त्यातच हरवतात.

२०११ ते २०२२ या काळातील ५१ हजारांहून अधिक नागरिकांच्या नोंदी तपासून संशोधकांनी २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडला की रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळते आहे. मूल जन्मले तेव्हा जिथून २५० तारे दिसत, तिथून ते १८ वर्षांचे होईपर्यंत १०० च दिसतील. नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या आहेत, पण गावागावांत उभे राहिलेले हायमास्ट पाहता आपण फार मागे असू असे वाटत नाही.

दिवे नकोत असे कोणी म्हणणार नाही. रात्री शेतातून परतणाऱ्या बाईला, साप-विंचवाच्या वाटेवर उजेड हवाच. पण तो रस्त्यावर पडावा. आभाळात गेलेल्या उजेडाचेही वीजबिल गावालाच भरावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, तेव्हा आसपासच्या गावांतले दिवे काढून टाकलेले नव्हते. ते बदलून खाली तोंड असलेले दिवे बसवले होते. लातूर-नांदेडच्या ग्रामपंचायतींनी पुढच्या हायमास्टच्या वेळी झाकण आणि पिवळसर दिवा एवढेच मागितले तरी पुष्कळ.

तोवर मार्च ते मे, अमावस्येच्या आसपास, पहाटे तीननंतरची वेळ साधावी. जूनपासून ढग येतात.